तारपा आणि ताजमहालचे प्रवासी

संगीतविषयक मराठी टीकेची परंपरा लहान असली तरी हिणकस खास नव्हे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे यांच्यासारख्या अधिकारी लेखकांनीं गायकींतील बारकावे सामान्य रसिकाच्या कानांस ओळखावयास शिकविले, हें त्यांचें ऋण कोणीही मान्य करील. परंतु या टीकेनें जो श्रोता घडविला, तो बैठकींतला श्रोता आहे. गवई समोर, मागें तंबोऱ्याची जोडी; राग कोणता, चीज कशी मांडली, समेवर कसा आला, हे तीन प्रश्न मनांत विचारून झाले म्हणजे त्याचें समाधान होतें. आतां असें एखादें संगीत घ्यावें, कीं ज्याला चीज नाहीं, राग नाहीं, आणि मान हलवावी अशी समही नाहीं. त्याच्यापुढें हा श्रोता गोंधळतो, व गोंधळ लपविण्याकरितां 'एकसुरी' हा शब्द उच्चारून उठून जातो.

या 'एकसुरी' शब्दाची झडती घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु. त्यासाठीं आम्हीं दोन गोष्टी शेजारीं शेजारीं मांडल्या आहेत: एका जपानी मंडळीच्या पन्नास वर्षांपूर्वींच्या दोन ध्वनिमुद्रिका, आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत खोडाळ्याच्या आसपास वाजणारा तारपा. ही जोडी विजोड वाटेल. पण ती केवळ चमत्कृतीसाठीं जुळविलेली नाहीं. त्या दोहोंस जोडणारा एक मनुष्य आहे, व त्याची गोष्ट यथाक्रम येईल.

जपानच्या या वाटेला आम्ही लागलों ते एका तरुण वाद्यवृंदाच्या नांवामुळें. वारली चित्रांतील वर्तुळें आणि त्रिकोण यांवर वर्गांत बोलणें निघालें असतां एका विद्यार्थ्यानें 'किकागाकु मोयो' असें एक नांव सांगितलें. त्याचा अर्थ भौमितिक आकृति. गो कुरोसावा व तोमो कात्सुरादा या दोघांनीं २०१२ सालीं टोकियोमध्यें हा वृंद सुरू केला. पुढें तिघे आणखी मिळाले, त्यांतील र्‍यू कुरोसावा हा हिंदुस्थानांत येऊन सतार शिकलेला. तिकडे या धाटणीला 'फोक-रॉक' म्हणतात. म्हणजे लोकगीताचा साधेपणा, विजेच्या गिटारी, आणि दोहोंच्या मध्यें तरळणारी एक प्रकारची गुंगी. त्यांच्या पुष्कळ गाण्यांतले शब्द कोणत्याच भाषेंतले नाहींत. तोंडाला गोड लागणारे नुसते ध्वनि ते गातात. हें ऐकून आमच्या वाचकांनीं दचकण्याचें कारण नाहीं. नोम्-तोम् चा अर्थ आपण तरी कोणत्या गवयाला विचारला होता?

'हाऊस इन द टॉल ग्रास' (२०१६) व लिस्बनमध्यें मुद्रित झालेली 'मसाना टेंपल्स' (२०१८) या त्यांच्या दोन मुद्रिका आम्हीं पुनःपुन्हां ऐकल्या. त्या सुंदर आहेत. पहिलींतला संयम तर फारच हृद्य आहे. तथापि सतार त्यांत रंग म्हणून येते, रीत म्हणून नव्हे. आणि ऐकणाराला कोठें कष्ट पडूं नयेत याची काळजी इतकी घेतली आहे, कीं दहा वेळां ऐकूनही आपण होतों तेथेंच राहतों. २०२२ मध्यें 'कुमोयो आयलंड' काढून व अखेरचा दौरा करून ही मंडळी थांबली. केव्हां थांबावें हें कळणें हाही एक गुण आहे, व तो त्यांच्या ठायीं होता.

या वृंदाचे पूर्वज कोण, हें शोधूं लागलों तेव्हां 'ताज महाल ट्रॅव्हलर्स' हें नांव पुढें आलें. नांव इंग्रजी, मंडळी जपानी, आणि ताजमहाल आमचा. १९६९ सालीं ताकेहिसा कोसुगी (१९३८–२०१८) यांच्याभोंवतीं ही सात जणांची मंडळी जमली. कोसुगी हे व्हायोलिनवादक. १९६० च्या सुमारास टोकियोंतील 'ग्रुप ओंगाकु' नांवाचा तरुणांचा एक गट आयत्या वेळीं सुचेल तें वाजवीत असे, त्यांतले ते एक. या नव्या मंडळींत व्हायोलिन होतें, कॉन्ट्राबास होता, ट्रंपेट, हार्मोनिका, व्हायब्राफोन हीं होतीं, गळा होता, आणि या सर्वांवर, वाजलेला सूर कांहीं क्षणांनीं परत आणून सोडणारें विजेचें यंत्र होतें. तें यंत्र सांभाळणारा किंजी हायाशी हा वाजविणारांच्या बरोबरीचा सभासद मानला जाई, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गाणारा होता तोकिओ हासेगावा. हें नांव वाचकांनीं विसरूं नये.

नाट्यगृहापेक्षां हे लोक उघड्यावर अधिक रमत. ओइसोच्या समुद्रकिनाऱ्यावर वाद्यें मांडून ते तासन् तास वाजवीत. श्रोते असले तर असले. १९७१ मध्यें ते स्टॉकहोमच्या एका प्रदर्शनास गेले, आणि तेथून मोटारगाडीनें युरोप व इराण ओलांडून, ठिकठिकाणीं वाजवीत, अखेर खरोखरीच ताजमहालापाशीं येऊन पोहोंचले. मात्सुओ ओनो यांनीं या प्रवासाचा चित्रपट केला आहे.

त्यांची पहिली मुद्रिका म्हणजे १५ जुलै १९७२ रोजीं टोकियोच्या सोगेत्सु सभागृहांत झालेला कार्यक्रम. तिचें नांव ती तारीख हेंच. आंत तीन भाग आहेत व त्यांचीं नांवें घड्याळाचीं आहेत: ६-२० ते ६-४६, ७-०३ ते ७-१५, ७-५० ते ८-०५. आम्हांस हें प्रथम विक्षिप्तपणाचें वाटलें. ऐकूं लागल्यावर मात्र याहून प्रामाणिक नांव दुसरें देतां आलें नसतें अशी खात्री पटली. कारण हें संगीत कशाविषयींही नाहीं. पावसाचें नाहीं, विरहाचें नाहीं, ताजमहालाचें तर मुळींच नाहीं. अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत सात माणसें एका ठिकाणीं होतीं आणि हा आवाज झाला, एवढेंच तें सांगतें.

पहिलीं पांच मिनिटें कांहींच घडत नाहीं असें वाटतें. एक लांब सूर येतो. त्याची सावली मागाहून येते. सावली विरते न विरते तों दुसरा सूर तिच्यावर टेकतो, आणि थोड्या वेळानें तारेचा आवाज कोणता, फुंकेचा कोणता, माणसाच्या गळ्याचा कोणता, हें वेगळें काढतां येईनासें होतें. मग केव्हां तरी, दहाव्या मिनिटास म्हणा, बाराव्या म्हणा, कान बदलतो. पुढें काय येणार याची वाट पाहणें आपण सोडून देतों. जो सूर 'तोच तो' म्हणून कंटाळवाणा वाटला होता, त्याच्या पोटांत किती हालचाल आहे तें ऐकूं येऊं लागतें. तंबोऱ्याच्या जवारींत कान घालून बसलेल्या माणसास हा अनुभव अपरिचित नाहीं. मात्र तेथें आपण तंबोऱ्याला पार्श्वभूमि समजतों, आणि येथें गवई कधीं येतच नाहीं.

ऑगस्ट १९७४ मध्यें मुद्रित झालेली दुसरी मुद्रिका दोन तबकड्यांची, चार बाजूंची आहे. तिच्यांत खर्ज अधिक भारी, काळोख अधिक दाट. तीबद्दल पुष्कळ जाणते लोक फार आदरानें बोलतात. आमच्या मतें चार बाजूंपैकीं एक कमी असती तरी चाललें असतें. आणि प्रतिध्वनीच्या यंत्रावर मंडळी कधीं कधीं फाजील विसंबते. त्या यंत्रांतून नुसता खोकला फिरवून आणला तरी त्यास गांभीर्य येईल. पण हे दोष मोठ्या कामांतले दोष आहेत.

आतां खोडाळ्याकडे वळूं. कसाऱ्याकडून विहीगांवची वाट धरून घाट चढून आलें म्हणजे हें गांव लागतें. सूर्यमाळ तेथून जवळच. नागली, वरई आणि खाचरांतलें भात हें येथलें पीक. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी ही येथली वस्ती. वर्तमानपत्रांच्या वाचकांस हा मुलूख ठाऊक आहे तो बहुधा कुपोषणाच्या बातम्यांवरून, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे उतरणाऱ्या कुटुंबांच्या छायाचित्रांवरून. त्या बातम्या खोट्या नाहींत. पण एवढ्यावर ओळख संपविणें म्हणजे एखाद्या घराची ओळख त्याच्या कर्जावरून करून घेण्यासारखें आहे.

तारपा या वाद्याची घडण पाहण्यासारखी आहे. वाळवून कोरलेला लांबट दुधी भोपळा हा त्याचा भाता. त्याच्या एका टोकाला फुंकण्याचें तोंड. दुसऱ्या टोकाला जिभा बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, बोटांसाठीं भोकें पाडलेल्या. आणि नळ्यांच्या पुढें ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. सांधे मेणानें बुजविलेले. म्हणजे शेत, बेट, ताड आणि मोहोळ यांतून जमविलेलें हें वाद्य. दुकानांत जावें लागेल असा एकही जिन्नस त्यांत नाहीं. गारुड्याच्या पुंगीचें तें भावंड, पण पुंगी ज्या घरांत लहान राहिली त्या घरांतलें हें थोरलें.

त्याचा खरा चमत्कार श्वासांत आहे. तारपकरी गाल फुगवून वाजवितो तेव्हां तोंडानें हवा सोडीत असतांनाच नाकानें ती आंत घेतो. त्यामुळें सूर तुटत नाहीं. गवयाच्या दमसासाचें आपण कौतुक करतों, पण गवयाला शेवटीं श्वास घ्यावा लागतो आणि त्या श्वासाच्या जागीं वाक्य संपतें. तारप्याला पूर्णविराम नाहीं. दोन नळ्या एकदम वाजत असल्यामुळें एका सुराच्या अंगाला दुसरा चिकटून असतो, व दोहोंच्या घर्षणानें एक कंप उठतो. तो कंप प्रथम कानांस खरखरीत लागतो. पुढें तो छातींत जाणवतो.

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर, पीक खळ्यावर येण्याच्या दिवसांत, आम्हीं तो काळोखांत ऐकला. तारपकरी मध्यें. त्याच्याभोंवतीं बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेभोंवतीं हात घालून सांखळी धरतात; पुढचा गडी हातांतली काठी भुईवर आपटीत चालतो, आणि तारपकरी वळेल तसा सारा वेढा वळतो. तारप्याकडे कोणी पाठ करीत नाहीं. चाल बदलली कीं पावलें बदलतात. बदलली हें कोणी सांगत नाहीं, पायांस तें आधीं कळतें. आम्ही बाहेर बाजेवर बसलों होतों, व बराच वेळ तिच्यांत आणि मागच्या चालींत आम्हांस भेद करतां आला नाहीं. नाचणाऱ्यांत एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिची मात्र एकदांही चूक झाली नाहीं. 'एकसुरी' हा शब्द बाजेवर बसलेल्या माणसाचा आहे. तो वाद्याचा गुण सांगत नाहीं. बोलणारा कोठें बसला आहे, तें सांगतो.

डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनीं आदिम संगीत ही लोकसंगीताहून निराळी कोटी मानली, त्याचें मोल येथें कळतें. लोकगीत गाणारा आणि ऐकणारा यांत थोडें तरी अंतर राहूं देतें. तारप्यापुढें तें अंतर राहत नाहीं. तेथें श्रोता नाहींच. नाचणारे आहेत आणि, अपवाद म्हणून, आमच्यासारखे चार पाहुणे.

ताजमहालच्या प्रवाशांस जें हवें होतें, तें हेंच होतें असें आम्हांस वाटतें. सभागृह सोडून ते समुद्रावर गेले, आरंभ आणि शेवट टाकून त्यांनीं घड्याळाचीं नांवें घेतलीं, एकट्या कलावंताचें नांव पुसून सातांचा एकच आवाज केला. पण हें सारें त्यांस टाकून टाकून मिळवावें लागलें. जो तारपकरी भात पिकूं लागल्यावर भोपळा खांद्यावर घेऊन बाहेर पडतो, त्याला काय टाकावयाचें आहे? त्याच्या सुराला वेळ आहे, तो पिकाचा. नारनदेव, कणसरी यांच्या पूजेचा. आणि त्याच्या लांबीचें माप नाचणाऱ्यांच्या पायांत आहे. प्रवाशांचा सूर लांबतो तो विचारानें; तारप्याचा लांबतो कारण पाय अजून थकलेले नाहींत. या भेदामुळें जपानी मुद्रिका उणी ठरते असें नव्हे. उलट, शहरांत वाढलेल्या आमच्यासारख्यांस तिच्यामुळेंच तारपा ऐकतां आला. ती नसती तर खोडाळ्याची ती रात्र आम्हीं एक प्रेक्षणीय नाच म्हणून वहींत टिपून ठेवली असती. पण कानाला वळण लावणारा गुरु आणि ज्याकरितां वळण लावावयाचें तें गाणें, यांची गल्लत होऊं देतां नये.

हासेगावा यांचें पुढें काय झालें? १९७५ च्या सुमारास मंडळी पांगली. १९८२ मध्यें त्यांनीं नीगाता प्रांतांतील तोकामाची येथें, बर्फाळ डोंगराळ भागांतल्या एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतींत, 'मिथिला म्यूझियम' नांवाचें संग्रहालय काढलें. त्यांत बिहारच्या मिथिलेंतील स्त्रियांचीं चित्रें आहेत, आणि आमच्या वारल्यांचीं आहेत. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचीं चित्रें तेथें आहेत. वारली चित्रकार तेथें राहून चित्रें काढून आले आहेत. जो मनुष्य टोकियोंत तो न संपणारा सूर गात होता, त्यानें उरलेलें आयुष्य तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या वर्तुळांच्या सहवासांत घालविलें. आणि त्या वर्तुळांच्या मध्यभागीं बहुधा कोण उभा असतो, तें वाचकांस सांगावयास नको.

येथें एका मराठी माणसाचें स्मरण अवश्य केलें पाहिजे. मिथिलेच्या भिंतींवरील चित्रें कागदावर उतरावीं म्हणून १९६६-६७ च्या दुष्काळांत तेथें गेलेला, आणि पुढें डहाणूकडील वारली पाड्यांवर जाऊन मश्यांच्या हातीं कागद देणारा चित्रकार भास्कर कुलकर्णी हा एकच होता. तोकामाचीच्या संग्रहालयांतील त्या दोन दालनांचा दुवा असा आमच्याच घरांतला आहे. आम्हीं मात्र त्याला फारसा आठवणींत ठेविला नाहीं.

परंतु ही गोष्ट केवळ गौरवाची नाहीं. २००१ सालीं याच संग्रहालयांत वास्तव्यास असतांना परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनीं आपलें जीवन संपविलें. ते अवघे चाळिशीच्या आंत होते. या मृत्यूचा आळ कोणावर घालण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि हासेगावा यांच्या कलाप्रेमाविषयीं शंकाही नाहीं. आम्हांस आठवतें तें इतकेंच, कीं परधान ही मुळांत गाणाऱ्यांची जात. बाना हें तंतुवाद्य वाजवून गोंडांच्या देवांचीं व राजांचीं आख्यानें गाणें हा त्यांचा वंशपरंपरेचा धर्म. चित्र कागदावर आलें म्हणजे त्याला समुद्र ओलांडतां येतो. ज्या गाण्याच्या वेढ्यांत तें चित्र उभें होतें, तो वेढा पेटींत बांधून नेतां येत नाहीं. वारली चित्रांतला तारपकरी आज उपाहारगृहांच्या भिंतींवर, चहाच्या कपांवर, साड्यांच्या पदरांवर सर्वत्र आहे, आणि सर्वत्र तो मुका आहे.

मुकेपणा सर्वस्वीं आहे असें नव्हे. जव्हार तालुक्यांतील वाळवंडा येथील वृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचें नांव २०२६ च्या पद्मश्रींच्या यादींत आलें, तेव्हां आम्हांस मनापासून आनंद झाला. पण सन्मानाबरोबर व्यासपीठ येतें, आणि व्यासपीठाबरोबर वेळेचा कागद. एका समारंभांत आम्हीं तारपकऱ्याला चार मिनिटें दिलेलीं पाहिलीं. चार मिनिटांत ख्यालाचा मुखडा तरी होतो. तारप्याचें मात्र श्रोत्याच्या कानाशीं अद्याप बोलणेंही सुरू झालेलें नसतें. नाचणाऱ्यांनीं प्रेक्षकांकडे तोंड करून एक अर्धवर्तुळ केलें, कारण छायाचित्रकार तसें सुचवीत होता, व त्यामुळें निम्म्यांची तारप्याकडे पाठ झाली. वादकाच्या चेहऱ्यावर कांहींच दिसलें नाहीं. पण तो लौकर थांबला.

दुसरें संकट याहून वास्तव आहे. नाचाचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम आतां एकमेकांस भिडले आहेत. मळणी उरकते न उरकते तों मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीट पाडावयास निघतात. पाड्यावर उरतात म्हातारे आणि शाळेचीं मुलें. सांखळीला तरुण कमरा लागतात. तारप्याचे वर्ग काढून, शिष्यवृत्त्या देऊन वादक निर्माण होतील, व ते व्हावेतही. नाचणारे वर्गांत निर्माण होत नाहींत, ते गांवांतच राहावे लागतात.

आमच्याकडे तारप्याच्या ज्या ध्वनिफिती आल्या, त्या सर्व तीन ते सहा मिनिटांच्या आहेत, आणि प्रत्येकीला 'वारली नृत्य', 'निसर्गाची हांक' अशीं नांवें आहेत. कोणी उत्साही तरुण येत्या कार्तिकांत खोडाळ्याकडे जाणार असेल, तर त्यानें यंत्र मध्यें न ठेवतां सांखळीच्या बाहेर, थोडें दूर ठेवावें. काठीचे ठोके, पोरांचें रडणें, कुत्र्यांचें भुंकणें कांहीं गाळूं नये. आणि तबकडीवर नांव घालावयाचें तें एवढेंच घालावें: खोडाळा, रात्रीं ९-१० ते पहांटे ४-३५.